राउटरला सेटटॉप बॉक्सचा अडॅप्टर लावला तर चालेल का?

माढ्याचा_पाव्हणा
नमस्कार मंडळी, परवा आमच्याकडं लाइट गेली आणि परत आली तेव्हा राउटर बंद पडला, एक पण बत्ती लागत नाही, अडॅप्टर गेलाय असं वाटतंय. त्यावर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय. घरात जुन्या सेटटॉप बॉक्सचा पडून आहे तो १२ व्होल्ट २ अँपिअरचा, पिन बसते, पण शेजारचा म्हणतो डबल करंट जाईल आणि राउटर जळंल. अजून एक जुन्या रेडिओचा आहे, चांगला जड, त्यावर ९ व्होल्ट लिहिलंय पण मीटर लावला तर १३ दाखवतो!! तो चालेल का? संध्याकाळी मोटरी चालू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज १६०-१७० वर येतं, त्याचा काही संबंध आहे का

सोल्डरचा_धूर
२ अँपिअरवाला लावा बिनधास्त. २ अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त तेवढा देऊ शकतो, राउटर त्याला लागतो तेवढाच ओढणार, ताटात चार पोळ्या वाढल्या म्हणून चारही खाल्ल्याच पाहिजेत असं थोडंच आहे. व्होल्ट मात्र सेमच पाहिजे, आणि लेबलवर गोलाचं चिन्ह असतं त्यात मधल्या टिंबाला प्लस की मायनस ते दोन्हीकडं जुळतंय का बघा, उलटं असलं तर राउटर गेला.

रेडिओवाला लावू नका. त्याच्यात लोखंडी ट्रान्सफॉर्मर, पुढं डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा) आणि एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा), संपलं. २३० चं किती करायचं ते फक्त वेढ्यांच्या हिशोबावर, कंट्रोल करणारं आत कोणी नाही. म्हणून रिकामा असताना १३ दाखवतो आणि पूर्ण लोड आला की ९ च्या आसपास येतो. तुमची लाइन १६० झाली की त्याचं आउटपुट पण त्याच प्रमाणात पडणार.

नवीन हलके अडॅप्टर वेगळे. ते २३० व्होल्ट आधी सरळ डायोडमधून नेऊन डीसी करतात, कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट साठतात (२३० ही सरासरीसारखी किंमत आहे, लाटेचं टोक ३२५ ला जातं). मग एक मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ते सेकंदाला ६०-७० हजार वेळा किंवा त्याहून जास्त चालू-बंद करतो, आपल्या लाइनची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आणि इथं हजारोत, त्यामुळं काडेपेटीपेक्षा लहान, फेराइटच्या (लोखंडाऐवजी वापरतात त्या चुंबकीय सिरॅमिकच्या) गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर पुरतो आणि वजन जातं. आउटपुटचं व्होल्टेज १२ च्या खाली जायला लागलं की ती खबर ऑप्टोकपलर नावाच्या भागातून उजेडानं मागं जाते, मधे तारेचा संबंध नाही, आणि कंट्रोल करणारी आयसी (चिप) मॉस्फेटला जरा जास्त वेळ चालू ठेवते. लेबलवर इनपुट १००-२४० लिहिलं असेल तर तुमचे १६० त्याला काहीच नाही.

कोथरूडकर७७
म्हणजे भावानं अमेरिकेतून आणलेला लॅपटॉपचा चार्जर इथं नुसती पिन बदलून चालतो आणि मिक्सर पहिल्याच दिवशी धूर काढून बसला ते ह्यामुळंच का

सोल्डरचा_धूर
हो. मिक्सरमधे मोटर सरळ लाइनवर, ती १२० व्होल्टची. त्याला स्टेपडाउन (२३० चं १२० करणारा ट्रान्सफॉर्मर) लागतो, आणि तो मिक्सरच्या वॅटपेक्षा मोठा घ्यावा लागतो.

वायरमन_दादा
पाव्हणं, कमी व्होल्टेजनं अडॅप्टर सहसा जात नाहीत, जास्तीनं जातात. लाइट येताना गेलाय म्हणजे मला न्यूट्रलची (करंट परत नेणाऱ्या तारेची) शंका येते. डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) किंवा पोलवर न्यूट्रल सुटला की दोन फेजवरची घरं एकमेकांच्या सिरीजमधे येतात, ज्याच्या घरात लोड कमी त्याच्याकडं ३०० च्या वर जातं, पार ४०० पर्यंत. आतला कपॅसिटर बहुतेक ४०० डीसीचा असतो, तो फुगून फुटतो. शेजारी कोणाचं काय गेलंय का विचारा आधी, नाहीतर दुसरा पण घालवाल. आणि गेलेला अडॅप्टर खोलत बसू नका, प्लग काढला तरी आत चार्ज राहतो, चांगलाच दणका बसतो.

माढ्याचा_पाव्हणा
२ अँपिअरवाला लावला, राउटर चालू झाला 🙏 पण दादा तुमचं खरं निघालं, पलीकडच्या आळीत दोन टीव्ही आणि एक मोबाइल चार्जर गेलाय. वायरमनला फोन केला, उद्या येतो म्हणाला

वायरमन_दादा
उद्या म्हणजे कधी ते तुम्हाला माहितीच आहे. तोवर राउटर, टीव्ही, फ्रिज सगळ्यांचे प्लग काढून ठेवा. मीटर आहे तर एसीच्या सगळ्यात मोठ्या रेंजवर ठेवून सॉकेट जपून तपासा, घरातलं काहीतरी चालू-बंद केल्यावर आकडा एकदम २७०-२८० कडं पळत असेल तर न्यूट्रलच आहे, मग त्याला परत फोन करा आणि मेन बंद ठेवा.