गोष्टीत शिरायला लावणारे गेम: तुमचे अनुभव सांगा

रानवारा:
रविवारी ताईकडे गेलो होतो. भाची 'लाइफ इज स्ट्रेंज' खेळत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मामा, प्रिन्सिपलना बंदुकीचं सांगून टाकू की लपवू?" समोर दोन पर्याय आणि पोरीचा जीव वरखाली! मला आमची २००३ सालची नाशिकची खोली आठवली. माऊस दादाकडे, मी स्टुलावर मांडीत डिक्शनरी घेऊन. गेम 'सायबेरिया'. केट वॉकर ही न्यूयॉर्कची वकील कारखाना विकायच्या कागदांवर सही घ्यायला आल्प्समधल्या एका गावात येते, तर भर पावसात मालकिणीचीच अंत्ययात्रा, आणि यात्रेत किल्लीवर चालणारे पुतळे. मी शब्द शोधेपर्यंत दादा थांबायचा. मारामारी नाही, घड्याळ नाही, गोष्टही आमच्यासाठी थांबून राहायची. मला त्याचंच वेड लागलं. दादा आता ऑस्ट्रेलियात. फोनवर हवापाण्याचं तेवढं बोलणं होतं. तुमचं लिहा.

तिखटजाळ:
सायबेरियातला ऑस्कर!! केटची आगगाडी चालवणारा यंत्रमानव. अख्ख्या गाडीत प्रवासी ती एकटी, तरी तिकीट दाखवल्याशिवाय गाडी सोडणार नाही म्हणजे नाही. माझे बाबा रेल्वेत होते. मागे उभं राहून बघत होते, म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

मनीची आई:
'फायरवॉच'. रात्री मनी झोपल्यावर सुरू केला. वाटलं, वायोमिंगचं जंगल, टेहळणीचा मनोरा, वॉकीटॉकीवर गप्पा. पण सुरुवातीलाच नुसत्या मजकुरात हेन्रीच्या बायकोची गोष्ट येते. तिची स्मृती जायला लागते आणि आपल्याला विचारतात, घरी सांभाळणार की केंद्रात ठेवणार? आमच्या सासूबाईंचं तेव्हा नुकतंच निदान झालेलं. दहा मिनिटं बटण दाबलं नाही. मग 'घरी' म्हटलं. नवऱ्याला उठवून सांगितलं तर तो म्हणाला, मीही तेच म्हणणार होतो. तोवर आम्ही त्यावर बोललोच नव्हतो. कुकर झाला, बाकीचं नंतर लिहिते.

कोरडवाहू:
ताई, काळजी घ्या. माझ्या आजीचं असंच झालं होतं. जात्यावरच्या ओव्या मात्र शेवटपर्यंत आठवायच्या.

बापमाणूस:
'वॉकिंग डेड', २०१२ चा. मेलेली माणसं वगैरे सगळं विसरलो. आगगाडीत ली त्या चिमुरड्या क्लेमेंटाइनचे केस कापतो, कुणी धरून ओढू नये म्हणून, तेवढं डोक्यात राहिलंय. लॉकडाउनमध्ये लेकीचे केस मी कापले. मानेवर टॉवेल, हातात शिवणाची कात्री, आणि मान हलू नये म्हणून तिने श्वास धरून ठेवलेला. तोच प्रसंग डोळ्यांसमोर.

बर्फातली भाकरी:
'वेनबा' खेळा. कॅनडातलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही, पुसलेल्या ओळी आपण जुळवायच्या. मुलगा तमिळ बोलायचं टाळतो तिथे मी बंद केला. माझा लेक मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. दोन दिवसांनी पुन्हा सुरू केला, मग एका बैठकीत संपवला. त्यातल्या इडल्या काय सुरेख दिसतात! इथे थंडीत माझं पीठ फुगतच नाही.

मनीची आई:
ओव्हनचा नुसता दिवा लावून रात्रभर आत ठेव. वाटताना मूठभर पोहे घाल.

बर्फातली भाकरी:
पोहे घालते गं. दिव्याचं करून बघते.

सेकंड शिफ्ट:
'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच'मधला माशांच्या कारखान्यातला लुईस. उजव्या हाताने मासा ओढायचा, पात्याखाली न्यायचा, मुंडकं उडवायचं, की पुढचा. त्याच वेळी डाव्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात चालायचं. हळूहळू ते राज्य सगळी स्क्रीन व्यापतं आणि उजवा हात आपोआप मासे कापत राहतो. मी दोन वर्षं पॅकिंग लाइनवर काढलीत. घरी कितीदा समजावून सांगितलं, जमलं नाही. शेवटी बायकोच्या हातात कंट्रोलर दिला. खेळून झाल्यावर बराच वेळ काही बोलली नाही.

कोरडवाहू:
४ जीबी रॅमवर यातलं काय चालेल?

तिखटजाळ:
सायबेरिया मोबाइलवरच घ्या. आणि पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) लक्षात ठेवा. भावाला शोधत निघालेली बहीण, गोष्ट सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. फार देखणा आहे, शेवट मात्र घाईत उरकलाय, त्याचं अजून वाईट वाटतं.

मनीची आई:
रानवारा, भाचीने शेवटी काय केलं?

रानवारा:
सांगून टाकलं. त्या गेममध्ये काळ मागे नेता येतो, तर त्याआधी तीनदा मागे नेऊन दोन्ही करून बघितलं. दादाला हा धागा पाठवला. तो म्हणतो, डिक्शनरी माझ्या मांडीवर होती, माऊस तुझ्याकडे.