प्रति: स्टेलिया आणि स्टेल्थ, दोन्हींसाठी एकच अ‍ॅम्प्लिफायर?
वर विचारलेल्या प्रश्नात, फोकल स्टेलिया आणि डॅन क्लार्क स्टेल्थ या दोन्ही बंद पाठीच्या हेडफोन्ससाठी किती वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, एवढेच विचारले आहे. माझ्या मते वॅटच्या आधी संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला हेडफोन किती मोठा आवाज देतो, ते पाहायला हवे. स्टेलिया ३५ ओहम इम्पिडन्सचा (विद्युत रोधाचा) असून १ मिलिवॅटला १०६ डेसिबल देतो, तर २३ ओहमचा स्टेल्थ तेवढ्याच शक्तीला जेमतेम ८६च्या आसपास पोहोचतो. वीस डेसिबलचा हा फरक म्हणजे शंभरपट शक्ती: संगीतातील ११० डेसिबलच्या शिखरांसाठी स्टेलियाला अडीच मिलिवॅट पुरतात, स्टेल्थला मात्र सुमारे २५० मिलिवॅट, म्हणजेच शंभरेक मिलिअँपिअर प्रवाह लागतो.

म्हणून स्टेल्थकडे पाहून निव्वळ ताकदवान यंत्र घेतले, तर स्टेलियावर त्याचा पार्श्वगोंगाट उघडा पडतो. बंद कपांमुळे बाहेरचा आवाज अडत असल्याने हा गोंगाट अधिकच जाणवतो. रात्री ख्याल ऐकताना, गायकाने षड्ज लावण्यापूर्वी नुसता तानपुरा वाजत असतो तेव्हा, मागची ती बारीक सरसर मला फार खटकते. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये कमी गेनची, म्हणजे सिग्नल कमी पटीने वाढवण्याची, सोय आवश्यकच समजावी.

स्टेलियासाठी अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (त्याच्या स्वतःच्या आउटपुटचा रोध) चार ओहमच्या आत असावा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह (निर्वात नळीच्या) अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तो बहुधा बराच जास्त असतो आणि मग खर्ज फुगू शकतो. स्टेल्थ प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचा) असल्यामुळे त्याचा इम्पिडन्स सर्व स्वरांना जवळपास सारखाच राहतो, म्हणून त्याचा स्वर सहसा बदलत नाही, परंतु त्याला हवा तेवढा प्रवाह असे यंत्र क्वचितच देऊ शकते.