2023मध्ये व्हिज्युअल केई संपलं म्हणणाऱ्यांना

निशिगंधा_कावासाकी
काल या फोरमवर एकाने व्हिज्युअल केईबद्दल, म्हणजे भडक मेकअप आणि पोशाख करणाऱ्या जपानी रॉक बँडांबद्दल, लिहिलं, ‘व्हिज्युअल केईचं 2023 म्हणजे नुसत्या श्रद्धांजल्या. बक-टिक बँडचे गायक साकुराई गेले, एक्स जपान बँडचा बेसिस्ट हीथ गेला, मागे उरला तो मेकअप.’ रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वर्षी मी इथे जपानमध्येच होते. कोरोनाची तीन वर्षं लाइव्ह हाऊसमध्ये, म्हणजे गाण्याच्या छोट्या हॉलमध्ये, मास्क लावून मुकाट उभं राहायचं, ओरडायचं नाही. जानेवारी 2023च्या अखेरीस सरकारने ते निर्बंध सैल केले. फेब्रुवारीत मी टोकियोत मेगुरोच्या रोकुमेइकान या लाइव्ह हाऊसला एका छोट्या बँडसाठी गेले. ड्रिंकचे 600 येन दारात भरले आणि आत शिरले. गायकाने माईक आमच्याकडे वळवला, तर दोन सेकंद कुणाच्या तोंडून आवाजच फुटेना. सवयच गेली होती. मग शेजारची बाई, पन्नाशीची असेल, बेसवाल्याच्या नावाने अशी काही ओरडली की मागोमाग अख्खा हॉल सुटला. याला मेलेलं म्हणायचं?

ऑक्टोबर वाईटच होता. 19 तारखेला योकोहामाच्या झेप हॉलमध्ये साकुराई कार्यक्रम चालू असतानाच कोसळले आणि त्याच रात्री गेले. वय 57. दहा दिवसांनी एक्स जपानचा हीथ, कॅन्सरने, 55व्या वर्षी. पण 29 डिसेंबरला बक-टिकचे उरलेले चौघे टोकियोच्या बुडोकान या मोठ्या हॉलमध्ये उभे राहिले. साकुराईंच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाला साथ करत वाजवलं आणि बँड चालू राहणार हे सांगितलं.

डेक्कनचा_रिफ
ती पोस्ट माझीच. एक शब्द मागे घेणार नाही.

बक-टिकला व्हिज्युअल केईत मोजायचं का, इथूनच आपलं जमत नाही. 1987मध्ये केस उभे करून आले, मान्य. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं ते जे वाजवत आले त्याला हा शिक्का पुरत नाही. आणि छोट्या बँडचं कौतुक कशाला? एकाच सिंगलचे ए, बी, सी टाइप काढायचे, प्रत्येकात एक गाणं वेगळं ठेवायचं आणि वर चेकीचे, म्हणजे लगेच छापून येणाऱ्या कॅमेऱ्याचे, फोटो विकायचे. कॉलेजात असताना तिन्ही टाइप मागवायला मी दोन महिने मेसचं एक वेळचं जेवण बंद केलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

बुडोकानबद्दल तर बोलूच नका. गेलेल्या माणसाच्या फितीवर मैफल? सवाईत भीमसेनजींचं रेकॉर्डिंग लावून साथीला तबलजी बसवाल का?

अनघा_नाशिक
टाइपचं सोडा हो. तिकीट काढायला जपानी मोबाइल नंबर लागतो, त्याचं काय? दोनदा विमानाचं बुकिंग करून बसले आणि तिकिटांच्या लॉटरीत साधं नावसुद्धा घालता आलं नाही.

लेहरा_मात्रा_सोळा
रिफभाऊ, तबलजीचं नाव काढलंत म्हणून लिहितो. माझे बाबा हार्मोनियम वाजवायचे. ते गेल्यावर त्यांच्या लेहऱ्याची, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीची, एक कॅसेट हाती लागली, तीनताल, विलंबित. मी रोज तिच्यावर तबल्याचा रियाज करतो. बाबा असताना माझी तिहाई, तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा, चुकली तर ते हलकेच सांभाळून घ्यायचे. कॅसेट सांभाळून घेत नाही. चुकलो की चुकलो.

म्हणून बुडोकानच्या त्या रात्रीचं मला सगळ्यात जास्त वाटतं ते यागामी तोल यांचं. बक-टिकचा 61 वर्षांचा ड्रमर, बाजूला बेसवर सख्खा धाकटा भाऊ युताका, आणि ज्या आवाजाबरोबर 38 वर्षं श्वास जुळवला तो आता थांबणारही नाही, पुढेही धावणार नाही. त्याला मैफल म्हणा नाहीतर म्हणू नका. पण ‘फितीवर’ असं तोंड वाकडं करून बोलू नका.

डेक्कनचा_रिफ
वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण एकाने घरचं दुःख सांगितलं म्हणून बाकीच्यांनी गप्प बसायचं का? एक्स जपानने 2008मध्ये टोकियो डोमला आधीच गेलेल्या गिटारिस्ट हिदेची प्रतिमा मंचावर उभी केली. त्यानंतर नव्या अल्बमची वाट बघत आमची पिढी म्हातारी झाली. मेलेल्याला धरून बसलं की नवं काही होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

लेहरा_मात्रा_सोळा
गप्प बसा असं कुणी म्हटलं? शब्द जपून वापरा म्हटलं.

निशिगंधा_कावासाकी
‘नवं काही होत नाही’? डिसेंबर 2024मध्ये बक-टिकचा ‘सुबुरोसा’ हा अल्बम आला. गिटारवाले इमाई आणि होशिनो स्वतः गायले, साकुराईंची नक्कल न करता. त्याच महिन्यात 27 तारखेला डेझर्ट हा बँड बुडोकानमध्ये, पुढच्या 6 जानेवारीला किझू हा बँड तिथेच. तुम्ही ज्यांना चेकीवाले म्हणता, त्यातूनच वर आलेली ही पोरं.

डेक्कनचा_रिफ
‘सुबुरोसा’ ऐकलाय. चांगला आहे. इमाईंचा आवाज मला आवडत नाही, तरी चांगला आहे. ‘संपलं’ हा शब्द जास्त झाला, तेवढा मागे. टाइप ए-बी-सीबद्दल मात्र एक अक्षर बदलणार नाही.

अनघा_नाशिक
आणि तिकिटं?

निशिगंधा_कावासाकी
अनघाताई, जपानी नंबर असूनही 29 डिसेंबरची लॉटरी मला लागली नव्हती. तरी गेले. कुदानशिता स्टेशनातून वर आलं की खंदकावरून बुडोकानकडे चढ आहे. काळे कपडे घातलेली आमच्यासारखी बरीच जणं बाहेर थंडीत उभी होती. आतून झिरपणारा आवाज ऐकायचा, त्याला इथे ओतोमोरे म्हणतात. शब्द कळत नव्हते. ड्रम्स मात्र पायांखालच्या जमिनीतून येत होते, आणि कुणीही बोलत नव्हतं.