जुना ऑफसेट स्मोकर: घ्यावा का, आणि घेतला तर काम कुठून सुरू करावं?

काळाधूर:
एक जुना ऑफसेट स्मोकर (बाजूच्या फायरबॉक्समध्ये लाकूड जाळून त्याच्या धुरावर आणि उष्णतेवर शेजारच्या कुक चेंबरमध्ये मांस शिजवायची भट्टी) विकायला आहे. कुक चेंबरचा पत्रा साधारण ३ मिमी, फायरबॉक्सही तेवढाच वाटतो. बराच काळ उघड्यावर पडून होता. फायरबॉक्सच्या तळाला गंजाचे जाड थर आहेत, बाहेरचा रंग सुटलाय, झाकणाच्या आतून काळे पापुद्रे गळतायत आणि जाळ्यांवर बुरशी आहे. झाकण एका कोपऱ्यात नीट बसत नाही. विकणाऱ्याचं म्हणणं, "रंग मारला की नव्यासारखा." घेण्याआधी काय तपासू? आणि घेतलाच तर कोणत्या क्रमाने काम करू?

लोहारकाम:
रंगाकडे आत्ता बघूच नका. तळ बघा. राखेत क्षार असतात, ती ओलावा धरून ठेवते आणि ओली राख महिनोन्महिने पत्र्याला चिकटून बसते. म्हणून फायरबॉक्स नेहमी खालून आणि कोपऱ्यांतून सडतो. सगळी राख काढायला लावा, गंजाचे थर खरवडा आणि हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला, तर तिथे जुना स्क्रूड्रायव्हर जोर लावून दाबा. आरपार गेला तर निदान ठिगळ लावायची तयारी ठेवा.

दुसरी जागा फायरबॉक्स आणि कुक चेंबरचा जोड. उष्णतेने पत्रा ताणतो-आकसतो त्याचा सगळा ताण इथे येतो. वेल्डिंगला केसासारखी चीर असेल तर ती पुन्हा वेल्ड करता येते. पण जोडाभोवतीचा पत्राच पातळ झाला असेल तर नवं वेल्डिंग धरत नाही, बाजूने जळत जातं. असा नग सोडून द्या.

झाकणाचं म्हणाल तर आधी बिजागरी बघा. पुष्कळदा पत्रा वाकलेला नसतो, बिजागरीचे बोल्ट सैल होऊन झाकण तिरकं बसलेलं असतं. बोल्ट ढिले करा, झाकण सगळीकडे टेकवा आणि तसंच धरून आवळा. तरीही फट राहिली तर ३ मिमी पत्रा दोन टोकांना खटका-क्लँप लावून ओढून बसवता येतो. ६ मिमीच्या झाकणाला क्लँप पुरत नाही.

तळाला भोक असेल तर सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा. आतून ५-६ मिमीची प्लेट टाका, चारी बाजूंनी २-३ सेंमी चढेल एवढी, आणि सलग वेल्ड करा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी फायरबॉक्समध्ये चुकूनही नको. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, निखारे त्याहून कितीतरी तापतात. त्या वाफेने थंडी वाजून ताप येतो.

निखारा:
झाकणातून गळतंय तो बहुतेक वेळा रंग नसतो. काजळी आणि चरबी वाळून त्याचे पापुद्रे होतात. पुट्टीच्या पात्याने खरवडून काढा. खालचा काळा, गुळगुळीत, घट्ट थर मात्र ठेवा. तोच पत्र्याला गंजापासून वाचवतो. आत चकचकीत धातू दिसेपर्यंत घासत बसणं म्हणजे काम वाढवणं.

क्रम महत्त्वाचा: आधी खरवडणं, मग जाळ. साठलेल्या चरबीसकट मोठा जाळ केलात तर चरबीच पेट घेईल आणि वाकलेलं झाकण आणखी वाकेल. चरबी निघाली की जाळ्या आत ठेवून २३० ते २५० अंशांवर तासभर तापवा. बुरशी मरते, उरलेला थर ठिसूळ होऊन सुटतो. गार झाल्यावर भांड्यांच्या साबणाने धुवा आणि ओलं ठेवू नका, लगेच छोटा जाळ करून वाळवा. मग कुठलंही खाद्यतेल कापडाने चोळा आणि जवळजवळ सगळं पुसून टाका. १२०-१३५ अंशांवर दोन-तीन तास ठेवा. तेल जास्त राहिलं तर थर चिकट होतो आणि त्याला धूळ धरते.

जाळ्यांचा क्रोम सुटत असेल तर जाळ्या फेका. बिडाच्या असतील तर गंजलेल्यासुद्धा वाचतात. तारेचा ब्रश वापरलात तर नंतर ओल्या कापडाने पुसा, तुटलेली तार अन्नात जाते.

बाहेरून ग्राइंडरला वायर कप लावून सुटा रंग आणि गंज काढा. चष्मा आणि मास्क हवाच, जुन्या रंगात शिसं असू शकतं. कडांना ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी रंग द्या. उघडा पत्रा रात्रभर राहिला की पुन्हा लालसर होतो. ६०० अंशांच्या पुढे टिकणारा रंग घ्या आणि एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात द्या. डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवल्याशिवाय तो पक्का होत नाही. रंग फक्त बाहेरून. गंज रोखणारी रसायनंही आत नकोत.

फायरबॉक्सवर मी रंग सुचवणार नाही. पातळ पत्र्यावर कुठलाही रंग जळतोच. फायरबॉक्स कोमट असताना जवसाचं तेल पातळ चोळा आणि काही वापरांनंतर पुन्हा चोळा. शोभा कमी, पण टिकतं.

काळाधूर:
धूर गळू नये म्हणून सगळीकडे गॅस्केट (फट बुजवणारी पट्टी) आणि सिलिकॉन लावायचा विचार आहे. चालेल?

चिमणीवाला:
सगळीकडे नको. गळती कुठे आहे त्यावर ठरतं. अंधारात आत टॉर्च ठेवून झाकणं बंद करा, फटी दिसतील. झाकणातून थोडा धूर गेला तर स्वयंपाकाला फारसा फरक पडत नाही. फायरबॉक्सच्या दारातून किंवा जोडातून हवा आत शिरली तर मात्र डॅम्पर (हवेची झडप) बंद करूनही जाळ वाढत राहतो. आधी ती बाजू.

उष्णता सोसणाऱ्या लाल सिलिकॉनची मर्यादा ३०० अंशांच्या आसपास असते, म्हणून ते कुक चेंबरलाच. फायरबॉक्सच्या जोडाला भट्टीचं सिमेंट लागतं. तेही जाड थापलं तर पत्रा हलताना तडकून पडतं. बोल्टचा जोड असेल तर उघडून, साफ करून, पातळ थर देऊन पुन्हा आवळा.

लोहारकाम:
झाकणाच्या गॅस्केटबद्दल माझं मत थोडं वेगळं. आधी चार-पाच वेळा वापरा. बारीक फटी चरबी आणि काजळीने आपोआप भरतात. नंतरही गळत असेल तरच पट्टी चिकटवा.

चिमणीवाला:
मान्य, फट दोन-अडीच मिमीच्या आत असेल तर.

झाकणावरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. काढून उकळत्या पाण्यात धरा. समुद्रसपाटीला १०० च्या जवळ दाखवायला हवा, उंचीवर थोडं कमी. शिवाय तो झाकणाच्या माथ्याचं तापमान सांगतो, जाळीवर वेगळंच असतं. जाळीच्या दोन्ही टोकांना वेगळे प्रोब (तापमान मोजणाऱ्या सळ्या) लावा.

फायरबॉक्समध्ये लाकूड थेट तळावर ठेवलं जात असेल तर जाड सळ्यांची शेगडी ८-१० सेंमी उंचावर बसवा. खालून हवा मिळाली की लाकूड धुमसत नाही, पेटतं. चिमणी पूर्ण उघडी ठेवा, नियंत्रण फक्त खालच्या झडपेने. दाट पांढरा धूर येत असेल तर एकतर लाकूड ओलं आहे किंवा जाळाला हवा पुरत नाही. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा.

फायरबॉक्सकडचं टोक फार तापत असेल तर तोंडाशी लोखंडी पट्टी टाकून उष्णता जाळीखालून वळवा. वेल्ड इतक्यात करू नका. पट्टी सुटी ठेवून पुढे-मागे सरकवा, दोन्ही प्रोबमधला फरक सगळ्यात कमी येईल तिथे दोन बोल्ट मारा.