'ही इज सिटिंग' : बसतोय की बसलाय?

मुलगी सहावीत आहे. चित्र पाहून इंग्रजीत वाक्यं लिहायची होती. चित्रात एक म्हातारा बाकावर बसलाय. हिने लिहिलं, 'द ओल्ड मॅन हॅज सॅट ऑन द बेंच'. बाईंनी लाल रेघ ओढून 'इज सिटिंग' केलं. आता ती मला विचारते, "बाबा, तो बसतोय कुठे? तो तर कधीचाच बसलाय."

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही शाळेत घोकलं ते असं: 'जातो' साधा वर्तमानकाळ, 'जात आहे' चालू, 'गेला आहे' पूर्ण. त्या हिशोबाने पोरीचंच बरोबर निघतं. मग गडबड कुठे आहे? इथल्या जाणकारांनी सांगा.

*

पोरीने मराठीतला काळ अगदी बरोबर ओळखला, गडबड क्रियापदात आहे. मराठीत 'बसणे' क्षणात उरकतं. उभा माणूस खाली टेकला की बसणं संपलं. पुढे उरते ती स्थिती, आणि ती आपण 'बसला आहे' अशी सांगतो. इंग्रजीतलं 'सिट' प्रामुख्याने त्या टेकलेल्या स्थितीलाच धरून आहे. म्हातारा बाकावरून उठेपर्यंत त्याचं 'सिटिंग' चालूच. टेकण्याची हालचाल दाखवायची असेल तर 'डाउन' जोडायचं: 'ही इज सिटिंग डाउन'. आपलं 'बसतोय' ते हे.

अशी बरीच आहेत. झोपलाय म्हणजे 'इज स्लीपिंग', लपलाय म्हणजे 'इज हायडिंग', भिंतीला टेकलाय म्हणजे 'इज लीनिंग', हातात छत्री धरलीय म्हणजे 'इज होल्डिंग'. आपल्याकडे सगळीकडे 'ला आहे' आणि 'ली आहे', त्यांच्याकडे सगळीकडे 'इंग'.

कपड्यांत तर मी स्वतः फसलोय. एकाला घ्यायला त्याच्या दारात गेलो होतो, सोबत मराठी न कळणारे पाहुणे. आतून आवाज आला, "बूट घालतोय." मी पाहुण्यांना सांगितलं, 'ही इज वेअरिंग हिज शूज'. ते बिचारे लगेच लिफ्टचं बटण दाबून उभे राहिले, कारण त्यांना कळलं ते 'त्याने बूट घातलेत', म्हणजे स्वारी तयार आहे. मला म्हणायचं होतं 'पुटिंग ऑन'. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

*

वरचं पटलं, पण त्यावरून सगळी 'ला आहे' वाक्यं 'इंग'मध्ये नेऊ नका. 'बस थांबली आहे' हे 'द बस हॅज स्टॉप्ड'च. 'इज स्टॉपिंग' म्हटलं तर ती अजून थांबायची आहे, नुसता वेग कमी होतोय. 'डाइंग'चंही तसंच, माणूस शेवटच्या घटका मोजतोय, गेलेला नाही. ही क्रियापदं दोन्ही भाषांत एकाच चालीने चालतात. म्हणजे नियमापेक्षा एकेका क्रियापदाशी ओळख करून घेणं आलं. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

*

मी बरीच वर्षं प्रौढांना इंग्रजी शिकवते. बसला-बसतोय परवडलं, त्यात माणूस निदान हसतो आणि सुधारतो. खरा छळ आहे 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय ॲम वाँटिंग' यांचा. पुस्तकात मनःस्थितीच्या क्रियापदांची लांबलचक यादी असते, ती कुणाच्याही लक्षात राहत नाही. मी वर्गात एकच युक्ती सांगते: आधी वाक्य मराठीत म्हणा. 'मी' ऐवजी 'मला' आलं तर 'इंग' लावू नका. मला माहीत आहे, मला हवंय, मला आवडतं, मला वाटतं, मला समजतं, मला आठवतं, मला दिसतं. इंग्रजीत हे सगळे साध्या वर्तमानकाळात. हे आपण करत नाही, ते आपल्याला होतं, आणि दोन्ही भाषांनी ते आपापल्या परीने वेगळं काढलंय. मराठीने कर्ता बदलला, इंग्रजीने 'इंग' नाकारलं.

गंमत म्हणजे जोड्याही जुळतात. 'मी ऐकतोय' म्हणजे 'आय ॲम लिसनिंग', 'मला ऐकू येतंय' म्हणजे 'आय कॅन हिअर'. 'मी बघतोय' म्हणजे 'आय ॲम लुकिंग', 'मला दिसतंय' म्हणजे 'आय कॅन सी'.

*

बाई, युक्ती झकास आहे, पण मला घाम येतोय त्याचं काय? 'आय ॲम स्वेटिंग' चालतं की! मला शिंका येतायत, 'आय ॲम स्नीझिंग'. आणि मॅकडोनाल्ड्स 2003 पासून जगभर 'आय ॲम लव्हिन इट' म्हणतंय, ते चूक?

*

घाम मान्य. मग युक्तीला शेपूट जोडू: मनाचं 'मला' असेल तर 'इंग' नाही, शरीराचं असेल तर चालतं. त्यातही 'माझा पाय दुखतोय'ला 'हर्ट्स' आणि 'इज हर्टिंग' दोन्ही ऐकू येतात.

'लव्हिन'चं म्हणाल तर ते मुद्दाम केलंय. 'आय लव्ह इट' ही कायमची आवड झाली. 'लव्हिन' म्हटलं की आत्ता, या घासाला मजा येतेय. बोलण्यात लोक असं म्हणतात, पण परीक्षेच्या पेपरात नको.

एकच शब्द दोन्हीकडे कसा फिरतो ते 'थिंक'मध्ये बघा. 'आय थिंक यू आर राइट' हे 'मला वाटतं', म्हणून साधा काळ. 'आय ॲम थिंकिंग' हे 'मी विचार करतेय', म्हणून चालू. शब्द तोच आहे, आपल्या 'मी' आणि 'मला'ने तो बरोबर दोन ठिकाणी फोडला. 'हॅव'मध्ये मात्र युक्ती चालत नाही. 'आय हॅव अ कार' ही मालकी, तिथे 'इंग' नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' हे जेवणं, तिथे खुशाल लावा.

*

माझी शंका वेगळी आहे. 'मी इथे दहा वर्षं राहतोय' याचं मी आयुष्यभर 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' करत आलो. हापिसात कुणी टोकलंही नाही.

*

टोकलं नाही कारण अर्थ पोचतो. पण त्यात चुका दोन आहेत. आपलं 'राहतोय' आजचंही काम करतं आणि मागच्या दहा वर्षांचंही. इंग्रजीत वर्षं मोजायला घेतली की 'आय ॲम लिव्हिंग' चालत नाही, 'आय हॅव बीन लिव्हिंग' लागतं. दुसरी चूक 'सिन्स'ची. मुदतीला 'फॉर', सुरुवातीच्या बिंदूला 'सिन्स': 'फॉर टेन इयर्स' किंवा 'सिन्स 2015'.

वर्षं काढून टाकली तर 'आय ॲम लिव्हिंग विथ माय सिस्टर' बिनचूक आहे, फक्त त्यात 'सध्यापुरता' हा अर्थ येतो. 'आय लिव्ह' म्हटलंत की बस्तान बसलं. आपलंही 'काय करता?' आणि 'काय करताय?' यांत हाच फरक नाही का? पहिल्याचं उत्तर नोकरी-धंदा, दुसऱ्याचं 'भांडी घासतोय'.

*

उद्याच्या गोष्टीला चालू काळ वापरणं आपल्याला जड जात नाही. 'मी उद्या निघतेय' म्हणजे सरळ 'आय ॲम लीव्हिंग टुमॉरो', ठरलेला बेत. वेळापत्रकातल्या गाडीला मात्र साधा काळ, 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'. घोटाळा होतो तो 'येतो'मध्ये. कुणी हाक मारली की आपण साध्या काळात "येतो!" म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत मात्र 'कमिंग!'.

आणखी एक, माझं आवडतं. 'ही इज रूड' म्हणजे माणूसच उद्धट. 'ही इज बीइंग रूड' म्हणजे आत्ता उद्धटपणा करतोय, एरवी बरा असेल. एका 'बीइंग'ने स्वभावाचं वागणं होतं. भांडण मिटवायला फार उपयोगी शब्द! याच्या उलट 'ऑल्वेज'. 'ही इज ऑल्वेज लूझिंग हिज कीज' यात किल्ल्या हरवण्यापेक्षा बोलणाऱ्याचा वैताग जास्त आहे. आपलं 'सारखा हरवत असतो' म्हणतानाही सूर असाच चढतो.

*

सगळ्यांचे आभार. पोरीला बसला-बसतोय पटलं. 'वेअरिंग'वर तर ती इतकी हसली की आता रोज शाळेत निघताना बूट हातात घेऊन 'आय ॲम नॉट वेअरिंग, आय ॲम पुटिंग ऑन' चालतं. पण काल नवीन शंका काढली. चौकात पुतळा उभा आहे, तर पुतळ्यालाही 'इज स्टँडिंग' का? मी हो म्हणून टाकलं.

*

अगदी चूक नाही, पण तिथे 'स्टँड्स' जास्त शोभतं. चौकात उभा असलेला माणूस सिग्नल सुटला की जाणार, म्हणून त्याला 'इज स्टँडिंग'. पुतळा कुठे जातोय? नदीकाठी वसलेल्या गावालाही म्हणूनच 'लाइज' म्हणतात, 'इज लाइंग' नाही.

*

सांगितलं तिला. म्हणाली, "आणि पुतळा हलवायचं ठरलं तर?"