जॉबवर्कचे पैसे कोल्हापूरच्या पार्टीकडे अडकलेत, नोटीस कशी लिहायची?

लेथ_उद्यमबाग
कोल्हापूरच्या एका फर्मला कास्टिंगचं मशीनिंग करून दिलं. बिलं तीन: 14 नोव्हेंबर 2023 चं 62,400, 9 जानेवारी 2024 चं 71,000 आणि 2 मार्च 2024 चं 51,200. जुलै 2024 मध्ये 30,000 खात्यावर आले, बाकी 1,54,600. माल पोचवल्याच्या चलनांवर त्यांच्या माणसाच्या सह्या आहेत. ऑर्डरीत पैशाची मुदत लिहिलेली नाही. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) 2021 ची. नोटीस मराठीत चालेल का? दावा बेळगावात लावायचा की कोल्हापुरात?

दिवाणी_बाजू
आधी दावा लावायची मुदत मोजा. केलेल्या कामाच्या पैशासाठी तीन वर्षं असतात आणि ती काम पूर्ण झाल्यापासून धरतात, बिलाच्या तारखेपासून नव्हे. म्हणजे पहिलं बिल नोव्हेंबर 2026 च्या आतच मुदतीबाहेर जाऊ शकतं. नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही, आणि पुष्कळ वसुल्या नेमक्या याच गैरसमजात बुडतात. मुदत संपण्याआधी पार्टीने सहीनिशी 'एवढी बाकी मान्य' असं लिहून दिलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात. नुसत्या बँक एंट्रीवर विसंबू नका, कारण रक्कम भरल्याचंही देणाऱ्याच्या हातचं किंवा सहीचं लिखाण लागतं.

ते 30,000 कोणत्या बिलापोटी हे पार्टीने सांगितलं नसेल, तर सर्वात जुन्या बिलात वळते करा (32,400 शिल्लक) आणि नोटिशीत तसं लिहा.

काम उद्यमबागेत झालं, म्हणजे दाव्याचं कारण अंशतः बेळगावात घडलं. त्यामुळे दावा इथे लागतो. मात्र ऑर्डरीच्या मागचा बारीक मजकूर वाचा. 'फक्त कोल्हापूर न्यायालय' असं छापलेलं असेल तर तिकडे जावं लागेल. इथे हुकूमनामा (कोर्टाचा वसुलीचा आदेश) झाला तरी वसुलीसाठी तो कोल्हापूरच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो, तो वेळ धरून चला.

खानापूर_रोड
उद्यम नोंदणी कामाच्या आधीची आहे, हे तुमचं बलस्थान आहे. 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार, ऑर्डरीत मुदत ठरलेली नसेल तर माल स्वीकारल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या पुढे नाही. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नसेल तर तो स्वीकारला असंच धरतात, म्हणून सहीची चलनं जपा. खरेदीदार महाराष्ट्रात असला तरी कर्नाटकातल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (याच कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणारं सरकारी मंडळ) अर्ज करता येतो, आणि ऑर्डरीतलं 'फक्त कोल्हापूर' त्याला आड येत नाही. निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि त्यांना आव्हान द्यायचं असेल, तर आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

दिवाणी_बाजू
आता नोटीस. कोल्हापूरच्या पार्टीला मराठीत खुशाल पाठवा, कायद्याची हरकत नाही. बेळगावच्या कोर्टात दाखल करताना मात्र कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागेल. पत्ता बिलावरचा आणि जीएसटीतला, दोन्हींवर पाठवा. एकमालकी असेल तर 'अमुक, मालक, तमुक इंजिनिअरिंग' असं लिहा. भागीदारी असेल तर फर्म आणि सगळे भागीदार.

मजकूर एवढा पुरे:

'आपल्या ऑर्डरीनुसार खालील काम पूर्ण करून माल पोचवला. (चलन क्रमांक, तारीख, बिल, रक्कम यांचा तक्ता.) 30,000 रुपये जमा होऊन 1,54,600 बाकी आहेत. ही रक्कम आणि 2006 च्या कायद्यानुसार व्याज नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत खालील खात्यावर भरावं. न भरल्यास कौन्सिलकडे अथवा दिवाणी न्यायालयात दाद मागू. तोवरच्या व्याजावर व खर्चावर आमचा हक्क राखून.'

व्याजाचं वाक्य गाळू नका. उद्यम नसलेल्यांनाही ते लागतं, कारण लेखी करार नसेल तर दाव्याआधीचं व्याज मागायला नोटिशीतली मागणीच आधार ठरते. पोलिसात देऊ, बाजारात नाव घालवू असलं काही लिहू नका, उलट तेच तुमच्याविरुद्ध दाखवतील. तडजोडीचा आकडाही नको. 'एक लाखात मिटवू' लिहिलं की पुढे तोच आकडा ओढला जातो.

लेथ_उद्यमबाग
आभारी आहे. त्यांनी चेक देऊ केला तर?

खानापूर_रोड
घ्या, पण तारखेपासून तीन महिन्यांत भरा. परत आला तर त्या चेकची नोटीस वेगळी काढा: बँकेचा मेमो (चेक न वटल्याची चिठ्ठी) मिळाल्यापासून 30 दिवसांत, आणि चेकची रक्कम त्यात स्वतंत्र व स्पष्ट मागायची. पार्टीला 15 दिवस मिळतात, ते संपल्यावर एका महिन्यात फौजदारी तक्रार. ती तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात लागते, म्हणजे बेळगावातच. पोस्टाची पावती आणि पोहोच दोन्ही फाइलला लावा. 'घेण्यास नकार' शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा.