दयामरणाच्या आधी रांगेचं बोला

एकांनी लिहिलंय की पुरात अडकलेल्या, न वाचणाऱ्या रुग्णाला मॉर्फिन देऊन सोडवणं ही दयाच. मला ते इतकं सरळ वाटत नाही.

२००५ च्या कॅटरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल रुग्णालयात ४५ मृतदेह सापडले. तिथल्या डॉ. ॲना पाऊ यांना रुग्णांना इंजेक्शनं देऊन मारल्याच्या संशयावरून २००६ मध्ये अटक झाली, २००७ मध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) आरोप ठेवायला नकार दिला. सगळे इंजेक्शनांवर भांडतात. मला खटकतं ते त्याआधीचं. ज्यांच्या कागदावर 'हृदय थांबलं तर पुन्हा चालू करू नका' एवढंच होतं, त्यांना बाहेर काढायच्या रांगेत शेवटी ठेवलं. त्या कागदाचा हा अर्थ कुणी लावला?

२०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात कोल्हापूरच्या शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता, तेव्हा आमचे आप्पा घरी ऑक्सिजनच्या मशीनवर. लाईट गेलेली. बोटवाले आधी पोरंबाळं नेत होते (त्यांचं काय चुकलं?). आप्पा म्हणाले, "मला ऱ्हाऊ दे हितंच." ही संमती धरायची? आठवड्याभरात तेच आप्पा चहात साखर कमी म्हणून काकीवर खेकसत होते.

सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानं आपल्याकडे न वाचणाऱ्या रुग्णाचे उपचार थांबवता येतात, तेही डॉक्टरांच्या मंडळांनी तपासून. इंजेक्शन देऊन मरण आणणं आजही गुन्हाच. आणि पुरात मंडळ बसवणार कुठं, माळ्यावर?

त्यापेक्षा पंचगंगा ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीवर जायच्या आत आपापल्या दवाखान्यात विचारून या, जनरेटर कितव्या मजल्यावर आहे ते. मी विचारलं. तळघरात आहे म्हणाले.